घटस्फोटाआधी नोकरी धरावी की आधी अर्ज करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. आयडी नवा आहे, मी जुनीच. कारण लक्षात आलंच असेल.

वय ३८, बी.कॉम., राहणार पुणे. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होते. २०१५ साली मुलगा झाला तेव्हा नोकरी सोडली, 'शाळेत जायला लागला की बघू' म्हणत. तो आता पाचवीत आहे.

गेलं सव्वा वर्ष मी आणि नवरा एकाच फ्लॅटमध्ये दोन भाडेकरूंसारखे राहतोय. तो हॉलमध्ये झोपतो. मारहाण, व्यसन असलं काही नाही. बोलणं होतं ते दूध, गॅस आणि मुलाची फी एवढ्यापुरतं. वेगळं दोघांनाही व्हायचंय. संमतीने करू म्हणतो, आकड्याचा विषय निघाला की गप्प होतो. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, हप्तेही त्याच्याच पगारातून जातात.

आता एका सीएंच्या ऑफिसात मला काम मिळतंय. महिना १८ हजार, दहा ते साडेपाच. खुशीत आईला फोन केला तर म्हणाली, "वेडी आहेस का? आत्ता नोकरी धरलीस तर पोटगीचं नाव काढू नकोस." मामांचं म्हणणं, धरायचीच तर पगार रोखीने घे, कागदावर येऊ देऊ नकोस. सीएच्या ऑफिसात जाऊन हे विचारायचं!

मला ही नोकरी हवी आहे. पण १८ हजारांत पुण्यात भाडं, फी आणि किराणा बसत नाही, हेही कळतं. दहा वर्षं मी घर धरून बसले म्हणून त्याला रात्री नऊपर्यंत ऑफिसात थांबता आलं, दोनदा परदेशी जाऊन येता आलं. त्याचा हिशेब मागायला जावं आणि 'आता तुला पगार आहे ना' हे उत्तर मिळावं, याची धास्ती वाटते.

दुसरी धास्ती कामाची. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्या दिवशी मी बहुतेक वरणभात भरवत असेन. इंटरव्ह्यूत सरांनी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचं मासिक विवरणपत्र भरायची तारीख विचारली. अकरा, असं ठणकावून सांगितलं. आदल्या रात्री पाठ केली होती.

तर आधी काय करू, नोकरी की अर्ज? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

रानजाई: कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करते. कागद न बघता फार ठाम बोलणार नाही, आणि लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरते.

तुमच्या आईंची भीती अर्धी खरी आहे. तुमचा पगार धरूनच आकडा ठरेल, म्हणजे रक्कम कमी होऊ शकते. पण नोकरी आहे म्हणून पोटगी बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० चा रजनीश विरुद्ध नेहा हा निकाल वकिलांना दाखवा. बायको कमावती असली तरी, सासरी ज्या राहणीची सवय होती तिला ती कमाई पुरते का, हे बघायचं असतं. घरासाठी, मुलांसाठी नोकरी सोडली असेल तर तेही विचारात घ्यायचं, असं त्यात आहे. मुलाचा खर्च वेगळा मागा. तुम्हाला पगार सुरू झाला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही.

पोटगी मागितली की दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्यालाही पगार, गुंतवणूक, कर्ज सगळं लिहावं लागतं. म्हणूनच मामांचं ऐकू नका. शपथेवर खोटं लिहिलेलं उघडं पडलं तर कारवाई होऊ शकते, आणि मग तुमच्या खऱ्या मागणीकडेही कोर्ट संशयानेच बघतं. पगार खात्यातच घ्या.

संमतीच्या अर्जाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छताखाली असूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते चालतं. अर्जानंतर थांबायचे सहा महिने २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट माफ करू शकतं. मात्र आकडा लेखी ठरल्याशिवाय कशावरही सही नको, आणि तडकाफडकी माहेरीही जाऊ नका. वकिलाची फी जड वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खडीसाखर: कायद्यातलं मला कळत नाही, पण सात वर्षांच्या गॅपनंतर मी २०१९ ला अकाउंट्समध्येच परतले. पहिले दोन-तीन महिने जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ आणि २० तारीख जवळ आली की पोटात गोळा यायचा. मग हात बसतो. डेबिट-क्रेडिट तेच आहे हो! फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिटच्या दिवसांत साडेपाचला कोणी सोडत नाही, ते आत्ताच बोलून घ्या.

दहावीनापास: मुलगा शाळेतून किती वाजता येतो? त्याला कोण बघणार?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामाला सांगू नकोस." सरांना होकार कळवलाय, एक तारखेपासून जायचंय. माझं लग्नाआधीचं बँकेतलं खातं वापराविना बंद पडलंय, शनिवारी केवायसीचे कागद घेऊन जाते.

दहावीनापास, मुलगा साडेतीनला येतो. बाबाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येतं, ते दोन दिवस त्याने बघायचं असं आज रात्री बोलणार आहे. दूध-गॅसच्या पुढचं वर्षभरातलं पहिलंच बोलणं. उरलेल्या तीन दिवसांसाठी समोरच्या आजींना विचारेन म्हणते. त्यांना काय कारण सांगावं हे मात्र सुचत नाहीये. कोणी सुचवा.