लेस्टर स्क्वेअरच्या प्रीमियरला स्टार्स खरंच दिसतात का?

हौशी_प्रेक्षक:
मंडळी, मास्टर्ससाठी लंडनात आलोय, लेस्टर स्क्वेअर ट्यूबने (इथली मेट्रो) जवळच आहे, तर एखाद्या मोठ्या हॉलिवूड प्रीमियरला रेड कार्पेटच्या कडेला उभं राहायची जाम हौस आहे. तिकीट वगैरे लागतं का? किती वाजता जायचं? का नुसत्या लोकांच्या पाठी बघून परत यायचं?

टेम्सकाठी:
थिएटरात आत जायचं नसेल तर तिकीट नाही लागत. तिथल्या ओडियन थिएटरसमोर बॅरिकेड लावून फॅन्सना जागा करतात, मोठ्या सिनेमाला बऱ्याचदा सकाळीच मनगटाला पट्टे बांधतात, ते संपले की संपले, मग संध्याकाळी येऊन सिक्युरिटीशी हुज्जत घालून काही होत नाही. आणि जागा धरताना एकच बघ, गाड्या कुठे थांबणार. उतरल्या उतरल्या स्टार मंडळी निवांत असतात, सह्या-सेल्फी देत येतात, पण एकदा का प्रेसवाल्यांच्या रांगेत शिरले की पीआरवाली बाई पुढे रेटत नेते, तिथून पुढच्या पब्लिकला नुसता हात. सगळे दाराजवळ गर्दी करतात, का ते देव जाणे.

वरणफळ८७:
+१. सह्या विकायचा धंदा करणाऱ्यांपासून सांभाळ. हातात एकाच नटाचे गठ्ठाभर ग्लॉसी फोटो, दातात मार्करचं टोपण आणि कोपर थेट तुझ्या बरगडीत. नटही ओळखून असतात म्हणा, फोटोवाल्याला टाळून मागच्या पोराची वही घेताना बघितलंय. रेनकोट ने, छत्री उघडलीस तर मागचे फाडून खातील.

एक_कोल्हापुरी:
चार तास उभं राहून चार सेकंद दर्शन! त्यापेक्षा पंढरपूरची रांग बरी, पुण्य तरी लागतं. तिथंच चौकात शाहरुख-काजोलचा पुतळा आहे की, घे पाहिजे तेवढ्या सेल्फी, पीआरवाली येत नाही मधे.

टेम्सकाठी:
😂 बरं, दुसरा मार्ग सांगतो. ऑक्टोबरात लंडन फिल्म फेस्टिवल असतो, गाला शो वॉटरलूजवळ रॉयल फेस्टिवल हॉलला, तिकिटं पब्लिकला मिळतात आणि सिनेमाच्या आधी कलाकार बऱ्याचदा स्टेजवर येतात. बसून बघ आरामात. २५ वर्षांपर्यंतच्यांना सवलतही असते.

हौशी_प्रेक्षक:
सवलत म्हटल्यावर जाणारच 😄 पण एकदा तरी बॅरिकेडला टेकून बघायचंय. तेवढा वेळ बाथरूमचं काय करता?

वरणफळ८७:
शेजारच्याशी आधीच गट्टी कर, जागा धरेल तो. आणि सकाळचा चहा एकच कप.