होम लोनचा दर बघायला नंबर टाकला, आता फोन थांबत नाहीत. मदत हवी आहे

सातबारा_नसलेला
लोकहो, जरा लवकर सांगा. शनिवारी रात्री व्याजदरांची तुलना करणाऱ्या एका साइटवर गेलो होतो. 'तुमचा दर पाहा' असं भलंमोठं बटण होतं, म्हणून नंबर टाकला. रविवारी सकाळी सव्वानऊपासून जे फोन सुरू झालेत ते आज बुधवारपर्यंत. कॉल लॉगमध्ये ६३ अनोळखी नंबर आहेत. एक ब्लॉक केला की दुसऱ्यावरून येतो. काल मीटिंगमध्ये चुकून स्पीकरवर उचलला गेला आणि अख्ख्या टीमने ऐकलं, 'सर, फ्लॅट लोन की प्लॉट लोन?' डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, आधीपासून आहे. नंबर बदला असं कृपया सांगू नका, आधार-बँक सगळीकडे हाच आहे. फोन कसे थांबवायचे तेवढंच सांगा.

बाकरवडी_रिकामटेकडी
कॉलर कोण ते दाखवणारं एखादं ॲप टाका. लाल पट्टी आली की उचलायचाच नाही. मी तीन वर्षं असंच जगतेय.

टेकडीवरचा
@बाकरवडी, म्हणजे एका साइटने नंबर वाटला म्हणून दुसऱ्या ॲपला अख्खी फोनबुक द्यायची? छान.

कोथरूडचे_काका
मुळात ऑनलाइन जायचंच कशाला? आम्ही ९६ साली कर्ज काढलं, दर साडेपंधरा टक्के. मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर बसून फॉर्म भरला, त्यांनी चहा दिला. कुणाचा फोन आला नाही.

टेकडीवरचा
काका, तेव्हा तुमच्याकडे फोन होता का?

कोथरूडचे_काका
शेजारी होता.

जुना_क्रेडिटवाला
धागाकर्ते, मी २२ वर्षं बँकेत कर्ज विभागात काढलीत. आधी हे सांगा: फक्त नंबरच टाकला का? पॅन? ओटीपी किती वेळा आला? सहकर्जदार म्हणून कुणाचं नाव टाकलं? साइट होती की ॲप? यावर सगळं अवलंबून आहे.

सातबारा_नसलेला
पॅन तर टाकावाच लागतो ना, त्याशिवाय पुढचं पानच येत नाही. जन्मतारीख, कंपनी, पगार, हे नेहमीचंच. ओटीपी दोनदा आला. साइट होती. पण माझा प्रश्न फोनचा आहे.

जुना_क्रेडिटवाला
फोनचं नंतर बघू. पहिला ओटीपी नंबर खरा आहे का ते बघायला असतो. दुसरा बहुतेक क्रेडिट रिपोर्ट ओढायच्या परवानगीचा. तो टाकल्यावर तुमचा स्कोअर, चालू कर्जं, कार्डांच्या मर्यादा, जुने पत्ते, सगळं त्यांना दिसतं. पुढच्या पानावर तुमचा पत्ता आपोआप भरून आला होता का?

सातबारा_नसलेला
हो. मला वाटलं सोय आहे.

जुना_क्रेडिटवाला
आता एक काम करा. ते पान परत उघडा, काही भरू नका. बटणाखाली फिकट करड्या अक्षरात जे असेल ते इथे टाका.

सातबारा_नसलेला
इंग्रजीत आहे, अर्थ साधारण असा: 'माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी कंपनी, तिचे भागीदार आणि कर्ज देणाऱ्या संस्था यांनी मला फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवर संपर्क करावा यास माझी संमती आहे.' चौकटीत टिक आधीच केलेली आहे! मी केलीच नव्हती.

नेटवर्क_गेलंय
हेच. डीएनडी मोडलं गेलेलं नाही, तुमच्याकडूनच बाजूला ठेवून घेतलंय. तरी तक्रार करा. १९०९ वर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी ॲपमधून, फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत. रविवारचे फोन असतील तर शनिवारपर्यंत वेळ आहे. नंबर, तारीख, वेळ आणि काय बोलला ते एका ओळीत. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून विकणारे सगळे नियमाबाहेर, त्यांच्यावर कारवाई होऊ शकते.

बाकरवडी_रिकामटेकडी
मी दोनदा तक्रार केली होती. 'निकाली' असा एसएमएस आला आणि पाच मिनिटांनी परत फोन.

नेटवर्क_गेलंय
एका नंबरची तक्रार तेवढ्यापुरतीच असते हो. बऱ्याच जणांनी एकाच नंबरची केली की फरक पडतो.

हक्क_आणि_चहा
कायदा वाचा लोकहो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमतीच नव्हे. कायद्यातला सर्वात मोठा दंड २५० कोटींपर्यंत. ठोका नोटीस!

टेकडीवरचा
नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. आज नोटीस ठोकून ते काय करणार, फ्रेम?

हक्क_आणि_चहा
मग काय, २०२७ पर्यंत फोन उचलत बसायचं?

जुना_क्रेडिटवाला
भांडू नका. कर्ज देणारे आणि त्यांच्यासाठी ऑनलाइन गिऱ्हाईक आणणारे यांना रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम आजच लागू आहेत. दिलेली संमती मागे घेणं, माहिती पुसायला सांगणं, दोन्ही त्यात आहे. साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. तिथे लिहा: संमती मागे घेतली, माहिती पुसा, कुणाकुणाला दिली त्याची यादी द्या. फोनवर सांगू नका, लेखीच. कर्ज देणारी जी बँक किंवा कंपनी असेल तिलाही पाठवा. तीस दिवसांत तिचं उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, पोर्टलवरूनच, पैसे लागत नाहीत.

सान्वीची_आई
फ्लॅट पत्नीच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे बाईच्या नावाने. आम्ही मागच्या वर्षी घेतला, बरेच पैसे वाचले.

सातबारा_नसलेला
@सान्वीची_आई, धन्यवाद, पण प्रश्न तो नाहीये. रावेतला रिसेल आहे, दोघांच्या नावावर घेणार. @जुना_क्रेडिटवाला, ईमेल करतो. तसं सगळेच फोन वाईट नव्हते. एक मुलगा चांगला निघाला, व्हॉट्सॲपवर कागद मागून घेतले, म्हणाला फाईल आजच लॉगिन करतो. ९५ टक्के लोन करून देतो म्हणाला.

जुना_क्रेडिटवाला
थांबा. काय काय पाठवलंत? आणि फ्लॅट कितीचा?

सातबारा_नसलेला
७२ लाख. नेहमीचेच कागद: दोघांचं पॅन, दोघांचं आधार पुढून-मागून, फॉर्म १६, तीन पगारपत्रकं, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. स्टेटमेंटला पासवर्ड असतो म्हणून तोही पाठवला. तो मोठ्या बँकेचाच आहे, डीपीला लोगो आहे.

टेकडीवरचा
डीपीला लोगो आहे! माझ्या डीपीला वाघ आहे.

जुना_क्रेडिटवाला
हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतंत. आता ऐका. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे कर्ज तीस लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांत ८० टक्के, त्यावर ७५. ७२ लाखांच्या फ्लॅटला ९५ टक्के सरळ मार्गाने कुणी देत नाही. एक तर तो थाप मारतोय, नाहीतर वरचे पैसे पर्सनल लोन म्हणून गळ्यात मारणार.

आणि 'लॉगिन' म्हणजे खरा अर्ज. प्रत्येक लॉगिनला ती संस्था तुमचा रिपोर्ट काढते आणि त्याची नोंद राहते. तुम्ही स्वतः स्कोअर बघितलात तर स्कोअर हलत नाही, यांनी काढला की हलू शकतो. आठवड्यात चार नोंदी दिसल्या की पाचवा मॅनेजर विचारतो, बाकीच्यांनी का नाही दिलं? क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे हे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडून, एसएमएस आलेत का, तुमचा रिपोर्ट अमक्याने पाहिला असे?

सातबारा_नसलेला
आलेत तीन-चार. मी जाहिराती समजून वाचलेच नाहीत.

नेटवर्क_गेलंय
म्हणूनच मी वेगळं सिम आणि वेगळा ईमेल वापरतो. घर शोधायला एक, लग्न जुळवायला एक.

जुना_क्रेडिटवाला
वेगळ्या सिमचा इथे फार उपयोग नाही. ब्युरोकडे जुना नंबर असतो, नव्यावर रिपोर्ट बऱ्याचदा जुळतच नाही. आणि दर बघायला नंबर लागतोच कशाला? बँका आपापल्या साइटवर दर उघड लावतात, स्कोअरप्रमाणे टप्पे असतात. तेवढे कागदावर मांडायचे, दोन-तीन बँका निवडायच्या, शाखेत जाऊन मुख्य तथ्यांचा तक्ता मागायचा. केएफएस म्हणतात त्याला. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर असतो.

आता क्रमाने करा. त्या मुलाला लिहा की यापुढे कुठेही लॉगिन करू नये. तो सांगतो त्या बँकेच्या शाखेत जाऊन विचारा, हा तुमचा माणूस आहे का. दोघांचेही रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्याच साइटवरून. 'चौकशी' या भागात संस्थेचं नाव, तारीख, रक्कम बघा. जी तुमची नाही त्यावर हरकत घ्या. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

कोथरूडचे_काका
झेरॉक्सवर तिरपी रेघ मारून 'फक्त गृहकर्जासाठी', बँकेचं नाव, तारीख आणि सही. आमच्या वेळी हे शाळेत शिकवत नव्हते, पण सगळे करायचे.

जुना_क्रेडिटवाला
काका, हे एकदम बरोबर. आणि आधार मास्क केलेलं द्यायचं, शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं.

घर_हवंय_का
सर्वांना नमस्कार. माझा चुलतभाऊ अधिकृत डीएसए, म्हणजे बँकांचा कर्ज एजंट आहे. सगळ्यात कमी दर. धागाकर्त्यांनी नाव, नंबर आणि पगार व्यनि (खासगी निरोप) करावा.

टेकडीवरचा
🙏 वाटच बघत होतो तुमची.

सातबारा_नसलेला
शाखेत जाऊन आलो. तिथे त्या मुलाला कुणी ओळखत नाही. त्याला मेसेज केला तर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दोघांचेही रिपोर्ट काढले. माझ्या रिपोर्टवर पाच चौकशा, सगळ्या सोमवार-मंगळवारच्या. चार होम लोनच्या, पाचवी पर्सनल लोनची, आठ लाखांची. ती मी मागितलेलीच नाही! संस्थेचं नावही कधी ऐकलेलं नाही. बायकोच्या रिपोर्टवरही तीच. हे बघा, दोन्ही पानं टाकतोय, कुणाला ही संस्था माहीत आहे का?

[चित्र]

जुना_क्रेडिटवाला
चित्र काढा. आत्ता. वरच्या कोपऱ्यात पॅन आणि जन्मतारीख दिसतेय.

बाकरवडी_रिकामटेकडी
अहो लवकर काढा!!

संपादक
चित्र काढून टाकले आहे. कृपया वैयक्तिक कागदपत्रे धाग्यावर देऊ नयेत.

सातबारा_नसलेला
सॉरी, घाईत झालं. पर्सनल लोनवर दोघांची हरकत घेतली, त्या संस्थेलाही लिहिलं. काका, बायकोच्या पानावरचा पॅनही दिसत होता का?

कोथरूडचे_काका
दिसत होता. पत्ताही.