प्रॉक्सिमा बी वर पाणी ‘असणार’, हे ठरवलं कुणी?

आकाशवेडा:
‘शेजारच्याच ताऱ्याला पृथ्वीसारखा ग्रह आहे, म्हणजे तिथे पाणी असणार’ हे कृत्तिका यांचं वाक्य इथे वाचलं आणि राहवलं नाही. २०१६ मध्ये चिलीतल्या ला सिया वेधशाळेतून दिसलं ते एवढंच, की प्रॉक्सिमा हा सूर्याच्या सर्वात जवळचा तारा कशाच्या तरी ओढीनं ठरावीक लयीत डुलतो आहे. त्यावरून कळलं, की ११.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह (प्रॉक्सिमा बी) आहे आणि त्याचं किमान वस्तुमान साधारण पृथ्वीएवढं आहे. तो ताऱ्यासमोरून सरकताना आपल्याला दिसत नाही, त्यामुळे त्रिज्या मोजता आलेली नाही. खडकाळ असणं हाही अंदाजच. वासयोग्य पट्ट्यात आहे म्हणजे वातावरण तसं असेल तर पाणी द्रवरूप राहू शकेल, बस्स.

कृत्तिका:
असहमत. ४.२४ प्रकाशवर्षांवर, योग्य अंतरावर असा ग्रह सापडतो आणि तुम्ही फक्त उणिवा मोजता! आकाशगंगेत सर्वाधिक तारे प्रॉक्सिमासारखे लाल खुजेच, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड, आहेत आणि ते सूर्याहून कितीतरी जास्त जगतात. जीवसृष्टीला वेळच वेळ.

आकाशवेडा:
वेळ आहे, पण तारा भडकतो त्याचं काय? मे २०१९ मध्ये प्रॉक्सिमाचं अतिनील तेज काही सेकंदांत १४,००० पट वाढलं. आणि ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर!

दुर्बीणवाला:
माझा राग अशा ग्रहांच्या चित्रांवर आहे. लालसर आकाश, खडक, तळं. मुलीनं विचारलं, “बाबा, हा फोटो कुठल्या यानानं काढला?” व्हॉयेजर १ या अंतराळयानाच्या वेगानं तिथे पोचायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. खरं सांगितल्यावर ती रडली. आता शनीचा खरा फोटो दाखवला तरी विचारते, हेही कुणी रंगवलंय का?

कृत्तिका:
मुलीचं वाईट वाटलं. पण अशाच एका चित्रामुळे मी या विषयाकडे वळले. नुसता अरीय वेगाचा (तारा आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगाचा) आलेख असता तर ढुंकूनही पाहिलं नसतं. चित्राखाली ‘कलाकाराची कल्पना’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ कापून पुढे ढकलणाऱ्यांना जाब विचारा.

दुर्बीणवाला:
मग ती ओळ चित्रावरच छापा, कापताच येणार नाही! खाली बारीक अक्षरात लिहून जबाबदारी संपत नाही.

मंदाकिनी:
चित्रं पुरे. ट्रॅपिस्ट-१ या सात ग्रहांच्या लाल खुज्या ताऱ्यावर बोला. २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला तिथल्या बी ग्रहावर दाट वातावरणाची खूण मिळाली नाही, सी वरही कार्बन डायऑक्साइडचा जाड थर दिसला नाही. आशावाद्यांनी उत्तर द्यावं.

कृत्तिका:
ते दोन्ही ताऱ्याला चिकटलेले, वासयोग्य पट्ट्याच्याही अलीकडे, होरपळलेले. त्यांच्यावरून बाकीच्या पाच भावंडांचा निकाल कसा लावता? आणि ११ प्रकाशवर्षांवरचा रॉस १२८ हाही लाल खुजाच, पण शांत. त्याच्या ग्रहाचं नाव इथे कुणी घेतलं का?

आकाशवेडा:
रॉस १२८ शांत आहे, एवढं नाइलाजानं मान्य. पण आज शांत. तरुणपणी हे तारे फार भडकतात. वातावरण तेव्हाच उडून गेलं असेल तर?

कृत्तिका:
‘असेल तर’! म्हणजे तुम्हीही अंदाजच करताय. मग ‘पाणी असणार’ मी मागे घेते, ‘असू शकेल’ म्हणते. त्यापलीकडे एक पाऊलही हटणार नाही.

दुर्बीणवाला:
आणि चित्रावरच्या ओळीचं काय? त्यावर कुणी बोलतच नाही.