विषय: चाळीस घरांचा शिधा: पैसे कुठून, पिशवीत काय, आणि कागदांचं काय?

डॅलसहून

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मूळचे इंदूरचे आम्ही अकरा जण मिळून वर्षभराची वर्गणी काढतो आहोत. मालवा मिल आणि परदेशीपुऱ्याच्या बाजूच्या चाळीस घरांना दरमहा शिध्याची पिशवी द्यावी, असं ठरतंय. (परदेशातून परदेशीपुऱ्यात, असा विनोद इथे आधीच होऊन गेला आहे.) पिशवीत १० किलो गहू, ५ किलो तांदूळ, २ किलो डाळ, १ लिटर तेल आणि साखर. शिवाय सहा जुने लॅपटॉप आणि कपड्यांचे दोन खोके कुणाबरोबर तरी पाठवता येतील.

पैसे सरळ आपल्या इंदूरच्या मंडळाच्या खात्यात टाकले तर चालेल ना? आणि वाटप एक तारखेला ठेवावं का?

कोषाध्यक्ष, रामबाग

दादा, सरळ टाकू नका.

आपलं मंडळ एफसीआरएखाली, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदलेलं नाही. २०१० चा हा कायदा पैसा डॉलरमध्ये आला की रुपयांत हे बघत नाही, तो कोणाचा आहे हे बघतो. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी कायद्याच्या लेखी परकीय. त्यांनी सुट्टीत इंदूरला येऊन इथल्या बँकेचा रुपयांचा चेक दिला तरी तो परकीय निधीच. उलट ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय निधीत धरत नाहीत, मग ते कितीही वर्षं तिकडे राहत असोत. तेव्हा वर्गणीचा आकडा ठरवण्याआधी अकरा जणांच्या दोन याद्या करा: पासपोर्ट भारतीय असलेले आणि नसलेले. पहिल्या यादीतल्यांकडून मला पासपोर्टची प्रत लागेल. उद्या विचारणा झाली तर दाखवायला फाइलीत असावी.

दुसऱ्या यादीतल्यांना एक पळवाट हमखास सुचते: "बहिणीच्या खात्यात टाकतो, ती मंडळाला देईल." हे नको. बहिणीला घरखर्चाला पाठवणं वेगळं. मंडळासाठी म्हणून पाठवले की मधे कितीही खाती आली तरी पैसा तुमचाच राहतो, आणि उत्तर मंडळाला द्यावं लागतं.

मग आपणच नोंदणी का करू नये, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. आपला बहुतेक खर्च गणेशोत्सव आणि नाटकांचा. नोंदणी मिळाली तरी परकीय पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून नोंदणी असलेली संस्था तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. म्हणजे "अमुक ट्रस्टला द्या, ते आपल्याला देतील" हेही बंद. अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी इंदुरात स्वतः काम करणाऱ्या, चालू नोंदणीच्या संस्थेलाच द्यावं आणि खर्चही तिनेच करावा. नोंदणी पाच वर्षांची असते, ती चालू आहे की संपली हे गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ज्यांना भारतातल्या भाड्यावर किंवा व्याजावर कर भरावा लागतो त्यांनी पॅन कळवावा, वजावटीचं प्रमाणपत्र देता येईल. रोख २,००० च्या वर दिली तर वजावट नाही. नवी करपद्धत घेतली असेल तर मुळातच नाही.

कायद्यात वस्तूही धरतात, त्यामुळे लॅपटॉपलाही हाच नियम. त्यात जकात वेगळी. राहू द्या.

शिधा समिती, राजेंद्र नगर

पैशांचं काका बघतील. मी पिशवीबद्दल लिहिते.

गहू-तांदूळ काढून टाका. पात्रता पर्ची (इकडचं रेशनचं हक्कपत्र) असलेल्या घराला कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात, माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो. पाच माणसांचं घर म्हणजे २५ किलो आधीच आलेलं असतं. त्यावर आपण आणखी १५ किलो दिलं तर ते कोपऱ्यावरच्या दुकानात विकलं जातं, आणि विकणारीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला तेल घ्यायचं असतं. कमी पडते ती डाळ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने डाळी-कडधान्यं, अंडी, मांस मिळून माणशी दिवसाला ८५ ग्रॅम हवं. पाच माणसांना महिन्याला पावणेतेरा किलो होतात. तुमच्या २ किलोंनी आठवडाही निघत नाही.

म्हणून पाच माणसांच्या घराला: तूर डाळ २ किलो, मूग मोगर १, मसूर १, काळे चणे १, शेंगदाणे १, गूळ १, सोयाबीन तेल २ लिटर, चहा पाव किलो, हळद आणि तिखट २०० ग्रॅम प्रत्येकी, कपड्यांचे आणि अंगाचे मिळून चार साबण. मीठ कंट्रोलवर मिळतं, साखरेऐवजी गूळ दिलाय. हे दहा-सव्वादहा किलो होतं, म्हणून दोन पिशव्या करायच्या. एकाच पिशवीचा बंद तुटतो आणि म्हाताऱ्या बाईला ती टेम्पोपर्यंतही नेववत नाही.

खरेदी सियागंजातल्या घाऊक बाजारातून. चाळीस घरांना तूर ८० किलो लागते. ८२ घ्या, मोजताना दीड-दोन किलो सांडलवंड आणि चुऱ्यात जातं. पोत्याच्या वरची मूठ बघून सौदा करू नका, मधून आणि तळातून काढायला सांगा. तुरीत लाखेची डाळ, म्हणजे इकडे तिवडा म्हणतात ती, मिसळलेली असू शकते. तूर गोलसर असते, तिवड्याचा दाणा पाचरीसारखा कोनेदार आणि एका बाजूने उतरता. ती रोज खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून स्वस्त पोतं दिसलं की आधी हातावर मूठभर पसरून बघायचं.

तेल डब्यातून ओतून बाटल्या भरायच्या भानगडीत पडू नका; माप चुकतं, बाटल्या गळतात आणि सगळी पिशवी तेलकट होते. पाउचचं खोकं घ्या, पण वजन वाचा. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. हल्ली तशाच दिसणाऱ्या पाउचवर ८५० किंवा ७५० ग्रॅम छापलेलं असतं. भाव लिटरचा सांगितला आणि माल साडेसातशेचा आला, असं होतं.

भरायला सहा माणसं पुरतात. दोघांनी डाळी मोजायच्या, एकाने पिशव्यांची तोंडं बंद करायची, दोघांनी लावायचं, आणि एकाने फक्त यादी हातात धरून टिक करायची. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. साबण दुसऱ्या पिशवीत, चहापासून लांब. एकत्र ठेवले तर चहाला महिनाभर साबणाचा वास येतो, आणि बायका आपल्याला काही बोलत नाहीत, मुकाट्याने फेकतात. पावसाळ्यात डाळ आदल्या दिवशीच भरायची, आठवडाभर आधी नाही. जुलै-ऑगस्टात बंद पिशवीत टोके फार लवकर होतात.

एक तारीख नको. धुण्याभांड्याचे पगार एक ते सातमध्ये होतात, तेव्हा घरात थोडा पैसा असतो. खडखडाट होतो वीस तारखेनंतर. वाटप २० ते २२ ला. घरकाम करणाऱ्यांसाठी दुपारी दोन ते चार, मजुरीवर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळी सातनंतर. रविवारी सकाळी अकराला ठेवलं की आपले स्वयंसेवक येतात आणि घेणारे येत नाहीत. पिशवी हातात देतानाचे फोटो काढायचे नाहीत. डॅलसला भरलेल्या पिशव्यांचा आणि बिलांचा फोटो मिळेल.

कपडे तिकडून पाठवू नका, भाडं मालापेक्षा जास्त होईल. इथे महापालिकेची थ्री-आर केंद्रं (जुन्या वस्तू घेऊन पुन्हा वापरात आणणारी) आहेत, त्यांच्याकडेच साठा असतो.

सुदामा नगर

शिध्याचं ताईंनी चोख लिहिलंय, मात्र सगळा हिशेब "पात्रता पर्ची असलेल्या घरी" या शब्दांवर उभा आहे. पर्ची नसलेली, किंवा पर्चीत पाचऐवजी तीनच नावं असलेली घरं सगळ्यात अडलेली असतात. पर्चीत दोन नावं चढवली तर त्या घरी महिन्याला १० किलो धान्य वाढतं, आणि त्याला वर्गणी लागत नाही. लागतात माणसं आणि तास. म्हणून माझं म्हणणं: वर्गणीइतकंच महत्त्व कागदांच्या टेबलाला द्या. आठवड्यातून एकदा दोन तास, तीन माणसं, एक लॅपटॉप (इथलाच), एक प्रिंटर.

मध्य प्रदेशात सगळ्याची किल्ली समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारच्या नोंदीतला ओळख क्रमांक. कुटुंबाचा क्रमांक ८ आकडी, माणसाचा ९ आकडी. धान्य, शिष्यवृत्ती, शाळाप्रवेश सगळं त्यावर. त्याची आधारशी ई-केवायसी झाली पाहिजे, आणि ती नाव, जन्मतारीख आणि लिंग यांवर अडते. आधारवर "सुनीता बाई", समग्रवर "सुनीता". किंवा एकीकडे १ जानेवारी ही अंदाजे तारीख आणि दुसरीकडे खरी. इथे घाई घातक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. आधी शाळेचा दाखला, बँक पासबुक, समग्र, आधार हे चारही कागद टेबलावर शेजारी ठेवायचे, कोणतं रूप जास्त ठिकाणी आहे ते बघायचं आणि कमीत कमी जागी दुरुस्ती करायची. बहुतेक वेळा समग्र बदलणं सोपं पडतं. कियॉस्कवाला झटपट आधारच बदलून देतो आणि बाकी तीन कागद बिघडतात.

दुसरी नेहमीची गाठ सुनांची. लग्न होऊन आली तरी तिचं नाव माहेरच्या समग्र कुटुंबात, खरगोनला किंवा धारला. तिकडून निघाल्याशिवाय इकडच्या पर्चीत चढत नाही. नवं समग्र काढून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. एका माणसाचे दोन क्रमांक झाले की दोन्ही अडकतात.

तिसरी लहान मुलांची. पाच वर्षांखालचं आधार बोटांच्या ठशांविना असतं. पाच पूर्ण झाल्यावर ठसे द्यावे लागतात, पंधरा झाल्यावर पुन्हा. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते फुकट होतं. आईबाप म्हणतात "आधार आहे की", आणि कंट्रोलवर मुलाची केवायसी होत नाही ती यामुळेच.

ठसे न उमटणं हा विटा-सिमेंटवाल्यांचा आणि भांडी घासणाऱ्यांचा रोजचा त्रास. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, दहाही बोटं करून बघायची. अंगठ्यावरच अडून बसायचं नाही. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीचा रस्ता उघडतो. नंबर जोडायला कागद लागत नाही. चाळीसपैकी किती घरांत चालू नंबर जोडलेला आहे, ही पहिली यादी करा.

सरकारी पैसे "आलेच नाहीत" अशी तक्रार असेल तर आधी बघायचं, आधार शेवटचं कोणत्या बँकेत जोडलं. थेट लाभाची रक्कम त्याच खात्यात जाते. कुठल्याशा शिबिरात शून्य रकमेचं खातं उघडलेलं असतं, पैसे तिथे साठत असतात.

आधारच्या झेरॉक्स आपण ठेवायच्या नाहीत, रजिस्टरमध्ये शेवटचे चार आकडे पुरेत. ओटीपी ज्याचा त्याने स्वतः टाकायचा. टाइप येत नसेल तर त्याच्या घरातल्या मुलाने.

लोकमान्य नगर

टेबलावर मुलांच्या खाजगी शाळेतल्या मोफत प्रवेशाचंही करता येईल का? आमच्याकडे कामाला येणाऱ्या दोघींनी विचारलंय.

सुदामा नगर

करता येईल, वहिनी. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळेत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा राखीव असतात. आधी पात्रता विचारा. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, वनपट्टाधारक आणि दिव्यांग मुलं वंचित गटात. बाकीच्यांना बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं, कार्ड लागतं. नुसतं "उत्पन्न कमी आहे" चालत नाही, आणि इथेच निम्मे अर्ज अडतात.

मग ऑनलाइन अर्ज, त्यानंतर ठरलेल्या सरकारी शाळेत मूळ कागदांची पडताळणी, मग लॉटरी. अर्ज भरला म्हणजे झालं असं समजून लोक पडताळणीला जातच नाहीत. न गेलेला अर्ज लॉटरीत येत नाही. शाळांच्या पसंतीत वॉर्ड महत्त्वाचा. राहतात एका वॉर्डात आणि समग्र जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर, तर शेजारची शाळा यादीत दिसत नाही. पत्ता आधी, अर्ज नंतर. आणि एकच नामांकित शाळा लिहू नका, चालत जाता येतील अशा जितक्या बसतील तितक्या लिहा.

फी माफ होते. वह्या, गणवेश, रिक्षा यांचा खर्च मात्र घरावर येतो आणि त्यापायी मूल दुसऱ्या वर्षी शाळा सोडतं. डॅलसची वर्गणी थोडी इकडे वळवली तर बरं. खजुरी बाजारात एप्रिलमध्ये जुनी पुस्तकं मिळतात, पण आधी शाळेची यादी हातात घ्या. प्रकाशन बदललं असेल तर जुना संच रद्दी.

डॅलसहून

याद्या केल्या. अकरापैकी चौघांचे पासपोर्ट भारतीय. तेव्हा चाळीस घरं जमणार नाहीत, पंधरा घरांचा शिधा आणि टेबलाचा प्रिंटर एवढं आम्ही घेतो. बाकी सातजण नोंदणी असलेली संस्था शोधताहेत. पासपोर्टच्या प्रती इथेच जोडू का?

कोषाध्यक्ष, रामबाग

इथे नको! यादीवर तीनशे माणसं आहेत. मला एकट्याला पाठवा.