फोटो टाकला म्हणजे देऊन टाकला का?

काठावरचा (धागालेखक)

चतुराचं पाण्यात वाढलेलं पिल्लू रात्री एखाद्या काडीवर चढतं. पाठ उलते आणि ओला, फिकट चतुर बाहेर लोंबकळतो, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. ते ताठ व्हायला तासन्‌तास जातात. मी एकदा पहाटेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा राहून हे टिपलं. दोनशेच्या वर फोटोंतला एक जमला: पंखांत उतरलेली हिरवट तिरीप, आणि खाली काडीला चिकटून राहिलेली रिकामी कात. त्या कातीशेजारी बारीक अक्षरांत माझं नाव टाकलं आणि फोटो कीटकवेड्यांच्या एका समूहात चढवला. लोकांनी वाहवा केली, दोघांनी जात ओळखून दिली. खूश होतो.

चार महिन्यांनी तोच फोटो एका खाजगी शिकवणीच्या जाहिरातीवर दिसला. वर ठसठशीत अक्षरांत 'कात टाका, नवे व्हा!' खालची कड उडवलेली, त्यामुळे माझं नाव गेलं आणि कातही गेली. कात टाकण्याच्या जाहिरातीत कातच नाही! विचारल्यावर उत्तर आलं, "ग्रुपवरच होता ना? मग सगळ्यांचाच की. नाव टाकतो हवं तर, चिडता कशाला?"

माझं म्हणणं इतकंच की दाखवणं वेगळं आणि देणं वेगळं. चार जणांना दाखवला म्हणून कुणीही उचलून हवा तिथे लावावा, असं मी कधी म्हटलं? दुसरीकडे वापरायचा तर विचारायला हवं, अपवाद अगदी थोडे. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक

मग टाकलात कशाला? ठेवायचा कपाटात.

काठावरचा

@रोखठोक, बघायला टाकला.

खडूची धूळ

मी शिक्षिका आहे, आणि धाग्याशी असहमत आहे. जाहिरातवाल्यांनी केलं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण त्या एका उदाहरणावरून 'दरवेळी विचारा' हा नियम काढलात तर मरण आमचं होतं.

कीटकांचा पाठ शिकवताना मला तीसेक फोटो लागतात. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे विचारायचे. तीस जणांना निरोप पाठवले तर सात-आठ उत्तरं यायची. काहींची खाती बंद, काहींनी निरोप पाहिलाच नाही, एकाने 'मॅडम, व्हिडिओ कॉल करा' असं लिहिलं. पाठ सोमवारी असतो आणि परवानगी येते तीन महिन्यांनी, आली तर. मग काय करायचं? मुलांना फळ्यावर खडूने चतुर काढून दाखवायचा? (काढते मी. डास वाटतो.)

उघड्यावर ठेवलेला फोटो पुढे जाणारच. त्यातून कुणी पैसे मिळवत नसेल आणि नाव ठेवत असेल, तर अडवू नये. शिकण्याचा निम्मा भाग दुसऱ्याचं घेऊनच होतो.

चष्मिष्ट

+१ धूळताई. पैसे नाहीत तर पाप नाही.

तळटीप

'पैसे नाहीत तर पाप नाही' हे कायद्यात इतकं सरळ नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयात नेमकं शाळेचंच प्रकरण गेलं होतं. एका छायाचित्रकाराने स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा फोटो एका प्रवासाच्या संकेतस्थळाला, फक्त त्या संकेतस्थळापुरता, वापरायला दिला. जर्मनीतल्या एका विद्यार्थिनीने तो उतरवून घेतला, आपल्या प्रकल्पात लावला, कुठून घेतला तेही लिहिलं, आणि शाळेने तो प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर चढवला. मूळ जागी फोटोला कुलूप नव्हतं, कुणीही फुकट बघू शकत होतं. तरी ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालय म्हणालं, नव्या जागी नव्याने चढवलात तर नव्याने परवानगी हवी.

त्यामागचं कारण मला पटतं. मूळ जागेवरून फोटो काढून टाकण्याचा हक्क कर्त्याकडे असतो. प्रती इतरांच्या जागांवर बसल्या की त्या हक्काला अर्थ उरत नाही.

खडूची धूळ

@तळटीप, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच प्रकरणात न्यायालयाच्या महाधिवक्त्यांनी (न्यायाधीशांना सल्ला देणारे कायदेतज्ज्ञ) निकालाआधी नेमकं उलट मत दिलं होतं, की विद्यार्थिनीचा प्रकल्प शाळेच्या संकेतस्थळावर फुकट ठेवण्यात हक्कभंग नाही. म्हणजे तिथल्या जाणत्यांचंही एकमत नव्हतं. शिवाय अडचण आली ती प्रकल्प संकेतस्थळावर चढवल्यामुळे. वर्गात चार भिंतींच्या आत दाखवण्याला बहुतेक देशांत शिक्षणासाठी कमी-जास्त सूट असते. मी वर्गातच दाखवते.

तळटीप

मान्य. वर्गात दाखवणं आणि वर्गाचं सादरीकरण सगळ्या जगासाठी चढवणं यांत फरक आहे, आणि तुम्ही तो पाळता हे बरं आहे. सगळे पाळत नाहीत. सादरीकरण आधी पालकांच्या कायप्पा (व्हॉट्सॲप) गटात जातं, तिथून पुढे ढकललं जातं, आणि शेवटी त्यातला एक फोटो कात टाकायच्या जाहिरातीवर बसतो.

रोखठोक

मोठमोठे शब्द चाललेत. साधी गोष्ट सांगतो. चेपूवर (फेसबुकवर) खातं उघडताना 'मान्य आहे' वर टिचकी मारलीत ना? तेव्हाच सगळं दिलंत. आता रडून काय उपयोग?

काठावरचा

हा समज इतका पसरलाय की यावर जरा सविस्तर लिहितो.

त्या टिचकीने आपण परवानगी देतो ती त्या कंपनीला: फोटो साठवायचा, लहान-मोठा करायचा, लोकांना दाखवायचा. ही परवानगी बरीच ऐसपैस असते आणि त्यावर वेगळा धागा होईल. पण मालकी आपल्याकडेच राहते, आणि फोटो बघणाऱ्या तिऱ्हाईताला त्यातून काही मिळत नाही. घरमालकाशी केलेल्या भाडेकराराने शेजाऱ्याला किल्ली मिळते का?

हैतीत जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला. डॅनियल मोरेल हा तिथलाच छायाचित्रकार. त्याने ढिगाऱ्यांमधून फिरून काढलेले फोटो ट्विटपिक या फोटो चढवायच्या सेवेवरून ट्विटरवर टाकले. दुसऱ्या एकाने ते उचलून स्वतःच्या नावावर चढवले, तिथून ते एएफपी या वृत्तसंस्थेने घेतले आणि गेटी या फोटो पुरवणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले. एएफपीचा बचाव रोखठोक यांच्यासारखाच होता, की ट्विटरच्या अटींनुसार ते आम्हाला वापरता येतात. २०१३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी हे फेटाळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने मोरेलला १२ लाख डॉलर मंजूर केले.

रोखठोक

त्याला १२ लाख मिळाले कारण समोर वृत्तसंस्था होती. तुमच्या चतुरासाठी कोण वकील देणार?

काठावरचा

कुणीच नाही. म्हणून तर इथे लिहितोय.

पाटी आणि पोस्टर

मी या धंद्यातला, जाहिराती आणि फलक करणारा. थोडं आतलं सांगतो. शिव्या घाला, चालतील.

गिऱ्हाईक संध्याकाळी कायप्पावर फोटो पाठवतं, 'हाच लावा, सकाळी छापायचाय.' फोटो कुठला, कुणाचा, त्यालाही माहीत नसतं, कारण त्याला तो कुणीतरी पाठवलेला. कायप्पावरून नेहमीसारखा फोटो पाठवला की आकाराने दाबला जातो आणि कॅमेऱ्याने फाइलच्या पोटात लिहिलेली माहिती, म्हणजे तारीख, कॅमेरा, कुणी भरलं असेल तर नावसुद्धा, गळून जाते. माझ्याकडे येतो तो अनाथ फोटो. कोपऱ्यात कुणाचं नाव दिसलं की तेवढी कड कापायची, ही आमच्याकडची सवय. चोरी करतोय असं त्या वेळी वाटतही नाही, 'मांडणी नीट करतोय' असं वाटतं.

एकदा एकाचा संतापलेला निरोप आला, तेव्हापासून फोटोवरून फोटो शोधायला लागलो. त्यासाठीचं टिनआय हे संकेतस्थळ २००८ पासून आहे, गूगललाही फोटो दाखवून विचारता येतं. टिनआयवर सर्वांत जुनी प्रत आधी लावून बघायची सोय आहे. जुनी म्हणजे मूळच असं नाही, पण माग लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. सापडला धनी तर विचारतो, नाही सापडला तर तो फोटो लावत नाही. त्यापायी दोन गिऱ्हाइकं गेली.

चष्मिष्ट

पण 'साभार: आंतरजाल' लिहिलं की झालं ना?

पाटी आणि पोस्टर

:) 'साभार: कायप्पा', 'सौजन्य: गूगल'. गूगल गळ्यात कॅमेरा अडकवून पाण्यात उभा राहतो काय?

तळटीप

@चष्मिष्ट, श्रेय आणि परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बर्न करार, म्हणजे कर्त्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा. त्याच्या आजच्या रूपाप्रमाणे काम तयार झालं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही की वर्तुळातला सी (©) लागत नाही. अमेरिकेत १ मार्च १९८९ पर्यंत ते चिन्ह न टाकता छापलं तर हक्क गमावण्याची भीती होती. 'चिन्ह नाही म्हणजे फुकट' हा समज बहुधा तिथूनच रेंगाळला असावा. १९२८ मध्ये रोमला या करारात आणखी एक कलम आलं. त्यानुसार आर्थिक हक्क विकून टाकले तरी 'हे माझं काम आहे' म्हणण्याचा आणि बदनामी होईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो.

काठावरचा यांच्या बाबतीत न विचारता घेतलं हा एक प्रकार आणि नाव कापलं हा दुसरा. नंतर नाव टाकून फार तर दुसरा निस्तरतो.

खडूची धूळ

कायद्याची बाजू तुम्ही जिंकलात असं धरू. आता कुंपण घातल्यावर काय होतं तेही बघा. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकर्तीने आपले हजारो फोटो लोकांनी फुकट वापरावेत म्हणून अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाला दिले. पुढे फोटो विकणाऱ्या एका कंपनीच्या वतीने तिच्याच संस्थेला पत्र आलं: तुमच्या संकेतस्थळावर हा फोटो विनापरवाना आहे, १२० डॉलर भरा. फोटो तिनेच काढलेला! २०१६ मध्ये ती कोर्टात गेली, पण प्रताधिकाराचे (कॉपीराइटचे) दावे टिकले नाहीत. परवानगीची यंत्रणा उभी राहिली की तिच्या नाक्यावर कोण बसतं, ते हे. तुमच्यासारखा पाण्यात उभा राहणारा तिथे नसतो.

काठावरचा

ताई, हा मुद्दा लागला. खरं आहे. माझ्याकडे उत्तर नाही, एक पळवाट आहे. ज्याला द्यायचंय त्याने कोणत्या अटीवर ते फोटोखालीच लिहून द्यावं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून त्यासाठीच आहेत. 'नाव द्या आणि वापरा', 'नाव द्या पण धंदा करू नका', 'नाव द्या पण बदल करू नका', आणि यांची मिश्रणं. तुम्हाला तीस निरोप पाठवायला नकोत, मला तीस उत्तरं द्यायला नकोत.

पाटी आणि पोस्टर

त्यातही खाचाखोचा आहेत. असा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे फोटो टाकणाऱ्यांना माहीत नसतं. वापरणाऱ्यांना वाटतं 'फुकट' लिहिलंय म्हणजे नावही नको. आणि काही महाभाग मुद्दाम असे फोटो पेरून ठेवतात, कुणी नाव लिहायला जरा चुकलं की वसुलीची नोटीस. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवाना पुन्हा लागू होतो, जुन्या आवृत्त्यांत ही सोय नाही. कोणती आवृत्ती ते बघूनच घ्या.

चष्मिष्ट

आणि फोटो न उचलता नुसता दुवा दिला तर?

तळटीप

दुवा देणं सहसा सुरक्षित, कारण धन्याने फोटो काढून टाकला की दुवाही मरतो. दुसऱ्याच्या पानावरचा फोटो आपल्या पानात दिसेल असं जडवणं मात्र वादात आहे. त्यावर अमेरिकेतल्या न्यायालयांनीच एकमेकांविरुद्ध निकाल दिलेत.

ओसरी

सगळे फोटो काढणाऱ्याबद्दल बोलताय. फोटोत जो आहे त्याचं काय? माझ्या मुलीचा पोहण्याच्या स्पर्धेतला फोटो एका पालकाने गटात टाकला, तिथून तो कुठल्या कुठे गेला. फोटो त्यांनी काढलाय म्हणून हक्क त्यांचा म्हणे. असेल. पोरगी माझी आहे.

तळटीप

@ओसरी, प्रताधिकार सहसा काढणाऱ्याचा, पण फोटोतल्या माणसाच्या खाजगीपणाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि मुलांच्या बाबतीत जास्त गंभीर. इथे 'नाव दिलं' हा बचाव नाहीच, उलट नाव दिलं तर जास्त वाईट.

रोखठोक

ओसरीताईंचं पटलं. मुलांचे फोटो नकोच. चतुराचं अजून पटलं नाही.

खडूची धूळ

@काठावरचा, वाद बाजूला. तो कातीचा फोटो मला पाठासाठी हवाय. बघा, विचारतेय.

काठावरचा

परवानगी लिहूनच देतो, म्हणजे उद्या माझं खातं बंद पडलं तरी अडायला नको: "हा फोटो वर्गात शिकवण्यासाठी कितीही वर्षं, कितीही तुकड्यांना दाखवता येईल. संकेतस्थळावर किंवा गटात चढवायचा झाल्यास आधी कळवावे. खालची कड कापू नये." मोठी फाइल व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवतोय.

खडूची धूळ

मिळाला. आभार. कड कापत नाही, मला तर कातच दाखवायचीय. पण अजून एकोणतीस राहिले, त्यांचं काय करू ते सांगा.