चार रूट कॅनल की एक? दातांच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा कसा? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठचा_पोरगा
आईची खालची दाढ ठणकत होती म्हणून सांगलीतल्या एका दवाखान्यात नेलं. आरसा फिरवून डॉक्टर म्हणाले, चार दाढांना रूट कॅनल (आतली नस काढून मुळातल्या नळ्या साफ करायच्या), चार कॅप (दाढेवर बसवायची टोपी), आजच सुरू करू. एक्स-रे मात्र एकाच दाढेचा काढला. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले, रूट कॅनल एकीचंच, दोनमध्ये सिमेंट भरा, चौथीला हातही लावू नका. दोघेही बीडीएस, दातांच्या डॉक्टरकीची एकच पदवी! माझं मत सांगतो, हे दवाखाने आता कॅप विकायला बसलेत. तोंड आपलं, पण आतलं दिसतं फक्त त्यांना. विरोधात कुणाला बोलायचं असेल तर बोला.

मिरजेचा_दंतवैद्य
बोलतो की. दोन दवाखाने बघून सगळ्यांना चोर ठरवलंत. कीड वरच्या कवचापुरती असेल आणि खड्डा पडला नसेल, तर फ्लोराइड लावून आणि स्वच्छता ठेवून ती थांबवता येते. खड्डा पडला की भरायचं, कीड आतल्या नसेला पोचली की रूट कॅनल. काठावरच्या दाढेत दोन प्रामाणिक डॉक्टरांचंही जमत नाही. एक थांबू म्हणतो, दुसरा भरू म्हणतो. पण एका एक्स-रेवर चार रूट कॅनल मलाही पटत नाही.
आता पेशंटचं बघा. आधी लवंग, मग मेडिकलातली गोळी, गाल सुजला की आम्ही. दुखायचं थांबलं की कॅपला फिरकत नाहीत. मग भडंगातल्या शेंगदाण्यावर दाढ उभी चिरते आणि बदनामी आमची.

तासगावची_सूनबाई
डॉक्टर, कॅपला का येत नाहीत तेही विचारा. मला आधी फक्त रूट कॅनलचे साडेतीन हजार सांगितले. कॅपचे भाव कळले ते खुर्चीत, तोंडात कापूस असताना. धातूची, सिरॅमिकची, झिरकोनियाची. माणूस काय बोलणार, मान हलवली. पुढं वरच्या त्याच दाढेतून पू यायला लागला. दुसऱ्यांनी सांगितलं, एक नळी साफच झालेली नाही.

मिरजेचा_दंतवैद्य
ताई, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत पुष्कळदा चौथी नळी असते. फार बारीक असते, चांगल्या हातांनासुद्धा सापडत नाही. याला फसवणूक म्हणता येणार नाही.

तासगावची_सूनबाई
नळी राहिली याचा राग नाहीच. परत गेले तेव्हा एक्स-रे न काढता "तुम्ही ब्रशच नीट करत नाही" म्हणून ऐकवलं, राग त्याचा आहे. बाहेर सासूबाई बसलेल्या, त्यांनी सगळं ऐकलं.

निवृत्त_मास्तर_वाळवा
नुसतं चिडून काय होणार? १९९५ साली सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, त्यात दंतवैद्यही आले. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. पण बिल आहे का कुणाकडे? बिलाशिवाय थोडं कमी करतो म्हटलं की आपणच खूश होतो.

कुपवाडकर
मास्तर, साडेतीन हजारांसाठी आयोगाच्या तारखा करत बसू का? वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादांच्या नावाचं आहे. विद्यार्थी काम करतात, सर येऊन तपासतात. खर्च खासगीपेक्षा कमी, आणि कॅप खपवायची कुणाला घाई नसते.

शिफ्टवाला
घाई नसते हे खरंच, एका दाढेला चकरा मारून मारून जीव जातो. आमच्यासारख्या हजेरीवाल्याचा खाडा पडतो त्याचं काय? वाचलेले पैसे तिथंच जातात. मला खासगीच परवडतं, फक्त आकडा आधी सांगा.

कृष्णाकाठचा_पोरगा
तेच तर मागितलं. पहिल्या दवाखान्यात परत जाऊन म्हणालो, चारही दाढांचे एक्स-रे काढा आणि कॅपसकट खर्च कागदावर लिहून द्या. उत्तर आलं, "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा." डॉक्टर, आता तुमचं म्हणणं काय?

मिरजेचा_दंतवैद्य
मग जा की दुसरीकडे! कागद मागितल्यावर चिडणाऱ्याकडं मीही माझ्या आईला नेणार नाही. पण ठणकणारी दाढ या भांडणात महिनाभर लांबवू नका. आणि ताई, तुम्ही पहिल्या रूट कॅनलच्या वेळचा एक्स-रे जपून ठेवा, परत रूट कॅनल करणाऱ्याला लागेल.