शब्दचर्चा : ‘मेमरी करप्ट होणे’ याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

कार्यप्रणालीतील एका दोषाविषयी मराठीत टिपण लिहीत असताना ‘करप्ट’ या शब्दापाशी अडलो आहे. टिपणाचा विषय लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, ‘डर्टी पाईप’ (सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२२-०८४७) हा दोष आहे. ज्यांना त्याची माहिती नाही त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात देतो, कारण शब्द निवडताना नेमके काय बिघडले हे समोर असावे लागते.

एप्रिल २०२१ मध्ये एका वेब होस्टिंग सेवेच्या ग्राहकाने तक्रार केली की, उतरवून घेतलेल्या नोंदींच्या फाइली उलगडत नाहीत. मॅक्स केलरमन या प्रोग्रॅमरने तपास केला. या फाइली रोज जीझिप पद्धतीने दाबून ठेवलेल्या असत. अशा फाइलीच्या अखेरीस आठ बाइट असतात. त्यांतील चार पडताळणीच्या बेरजेचे आणि चार मूळ लांबीचे. बिघडलेल्या फाइलींत नेमके हेच आठ बाइट बदललेले होते आणि त्यांच्या जागी ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होणारा, झिप स्वरूपाच्या अनुक्रमणिकेचा आरंभ येऊन बसला होता. महिन्याभराच्या फाइली एकत्र करून ग्राहकाला झिप पाठवणारा एक प्रोग्रॅम तेथे होता खरा, पण त्याला या फाइली केवळ वाचण्याची परवानगी होती, लिहिण्याची नव्हती.

हा प्रोग्रॅम फाइलीतील मजकूर ‘स्प्लाइस’ या सोयीने पाईपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या कर्नलच्या नळीत, घालत असे, आणि त्या सोयीत मजकुराची नक्कल होत नाही, तर पेज कॅशेमधील, म्हणजे डिस्कवरील फाइलीची जी पाने कर्नलने मेमरीत धरून ठेवलेली असतात त्यांतील, पानाचा केवळ निर्देश पाईपच्या एका कप्प्यात ठेवला जातो. त्यानंतर पाईपमध्ये काही लिहिले तर त्यासाठी नवे पान घेतले जावे, अशी अपेक्षा असते. परंतु त्या कप्प्यावर पूर्वीच्या वापरातली ‘याच पानात पुढे भर घालावी’ अशी खूण तशीच राहिली होती, आणि म्हणून अनुक्रमणिकेचे पहिले आठ बाइट फाइलीच्याच पानावर उमटले. कप्पा भरताना खुणेला आरंभीचे मूल्य न देण्याची चूक २०१६ पासून होती. ती निरुपद्रवी राहिली, कारण भर घालण्याची खूणच ५.८ या आवृत्तीत, २०२० मध्ये आली. दुरुस्ती दोन ओळींची होती. दोन फंक्शनांत प्रत्येकी एका ओळीने ती खूण शून्य करण्यात आली, आणि २३ फेब्रुवारी २०२२ रोजी ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांतून ती सर्वांपर्यंत पोहोचली.

आता प्रश्न असा की, पानाची ही जी अवस्था झाली तिला काय म्हणावे? ‘भ्रष्ट’, ‘दूषित’, ‘विकृत’, ‘खराब’ हे शब्द सुचले. एकही बसला नाही.

प्रतिसाद

‘फाईल करप्ट झाली’ असे घरीदारी सर्वजण म्हणतात आणि ते सर्वांना समजते. ‘करप्ट’ ठेवावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद

‘भ्रष्ट’ला आज लाचेचा वास येतो म्हणून आपण तो टाळत असाल, तर ते कारण पुरेसे नाही, कारण ‘भ्रंश्’ या धातूचा अर्थ ढळणे, खाली पडणे असा आहे आणि ‘स्थानभ्रष्ट’, ‘पदभ्रष्ट’ या शब्दांत तो अजून जिवंत आहे. अडचण निराळीच आहे. भ्रष्ट होणाऱ्या वस्तूला एक योग्य जागा असते आणि ती वस्तू तिथून ढळते. येथे पान जागेवरच आहे. त्याच्यावरचा मजकूर तेवढा बदलला आहे.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द एका पाठ्यपुस्तकी वळणाच्या लेखात या अर्थाने वापरलेला मी पाहिला आहे, आणि तो तर सर्वस्वी चुकीचा वाटतो. स्मृतिभ्रंशात माणसाला आठवत नाही. येथे मेमरीला सारे लख्ख आठवते, पण जे आठवते ते खोटे असते, आणि विचारणाऱ्याला ती ते पूर्ण खात्रीने सांगते. ‘दूषित’ या शब्दात बाहेरून काही मिसळल्याची छटा आहे, ती या प्रसंगाला बऱ्यापैकी जुळते. मात्र दूषित पाणी गाळता येते, तसे पुसले गेलेले आठ बाइट गाळून परत मिळत नाहीत.

प्रतिसाद

संगणकाच्या परिभाषेत शोधण्यापेक्षा पोथ्यांच्या परिभाषेत शोधले तर हाती काही लागेल, असे मला वाटते. इंग्रजीतही हस्तलिखिताच्या बिघडलेल्या मजकुराला हेच विशेषण लावतात, आणि आपल्याकडे त्या अर्थाचा नेमका शब्द आहे : अपपाठ. नकलाकाराच्या हातून अक्षर चुकते, ओळ गळते, समासातील टीप मजकुरात शिरते, आणि पुढचा वाचक त्यालाच मूळ समजून वाचतो. आपल्या हकिगतीत जे झाले ते अगदी शेवटच्या प्रकारचे आहे, म्हणजे एका ग्रंथाच्या अनुक्रमणिकेचा आरंभ दुसऱ्याच ग्रंथाच्या शेवटच्या ओळीवर लिहिला गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांची भूमिका अशी होती की ग्रंथ मुळात शुद्धच आहे, दोष शिरले ते पाठांतरांमुळे. पेज कॅशेचे नाते डिस्कशी असेच नाही का? पेज कॅशे ही नक्कल आहे. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, किंवा कर्नलने ते पान मेमरीतून काढून टाकले, तर पुढचे वाचन पुन्हा मूळ प्रतीतून होते.

यातूनच ‘पॅच’चाही, म्हणजे प्रोग्रॅममधील दोषाच्या दुरुस्तीचाही, शब्द सुटतो. ‘ठिगळ’ हा शब्दशः अनुवाद झाला, पण ठिगळ वरून लावतात आणि खालचे भोक तसेच राहते. ‘डागडुजी’त तात्पुरतेपणा आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस शुद्धिपत्र असते, त्यात पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने असतात. पॅचच्या फाइलीत तरी दुसरे काय असते? कोणती फाईल, कितवी ओळ, काय काढावे, काय घालावे. आपली दोन ओळींची दुरुस्ती तर शुद्धिपत्राच्या दोन नोंदींतच मावते, फक्त तिच्यात ‘अशुद्ध’चा रकाना रिकामा राहील, कारण काढायचे काहीच नव्हते; लिहायचे राहिले होते.

प्रतिसाद

‘शुद्धिपत्र’ मान्य. ‘अपपाठ’ अर्धाच मान्य आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले असे की, अपपाठ हा वाचण्याच्या मजकुराचा असतो, पण कर्नलच्या मेमरीत मजकुरापेक्षा कर्नलची स्वतःची बांधणीच अधिक असते. परत केलेली जागा जुन्या पत्त्याने पुन्हा वापरली, किंवा नेमलेल्या जागेच्या बाहेर लिहिले गेले, तर कित्येकदा ज्या पत्त्यांच्या आधाराने कर्नल चालतो तेच बदलतात आणि तो कोसळतो. त्याला अपपाठ म्हणणे म्हणजे घराचा वासा मोडला असता भिंतीवरचे चित्र बिघडले असे म्हणण्यासारखे होईल. तेथे ‘मेमरी बिघडणे’ हा साधा प्रयोगच बरा. ‘डर्टी पाईप’मध्ये कर्नल कोसळत नाही, कोठे कसली तक्रारही उमटत नाही, फक्त फाइलीतला मजकूर बदलतो, आणि म्हणून या एका दोषाला ‘अपपाठ’ शोभतो.

दुसरे कारण असे की, अपपाठ हा परिणाम झाला, कारण नव्हे. कारणासाठी ‘आरंभमूल्य न दिलेले चल (व्हेरिएबल)’ असे लांबलचक लिहावे लागते, ते लिहावेच. पण वाचकाला चित्र दिसावे म्हणून मी म्हणेन की कप्पा उष्टा होता. आधीच्या पंगतीचे ताट न विसळता त्यातच पुढच्याला वाढले. ‘उष्टे’ या शब्दात ‘दुसऱ्याने वापरलेले आणि अजून न धुतलेले’ या दोन्ही गोष्टी एकदम येतात, ‘शिळे’ या शब्दात तसे होत नाही.

जाता जाता ‘डर्टी’विषयी. मेमरीत बदललेल्या, पण डिस्कवर अजून न उतरवलेल्या पानाला इंग्रजीत हे विशेषण लावतात. त्याचे ‘मळके पान’ असे भाषांतर कृपया करू नये. त्या पानात घाण काही नसते. कच्च्या वहीतली नोंद खतावणीत चढायची राहिलेली असते, म्हणून ‘न खतावलेले पान’ म्हटले तर दुकानदारी पाहिलेल्या माणसाला ते न सांगता कळेल. आणि गंमत अशी की, या दोषाच्या नावात ‘डर्टी’ असले तरी बदललेल्या पानावर तशी खूणच होत नाही. हे नाव २०१६ च्या ‘डर्टी काऊ’ या दोषावरून पडले आहे. पान बदलले हे कर्नलला ठाऊक नसल्यामुळे तो ते आपणहून डिस्कवर उतरवत नाही; दुसऱ्या कारणाने ते पान उतरवले गेले, तर मात्र अपपाठ मूळ प्रतीतही शिरतो.

मूळ प्रश्नकर्ता

शेवटचे वाक्य माझ्या टिपणात महत्त्वाचे ठरेल, कारण ‘मूळ प्रत सुरक्षित आहे’ एवढेच लिहिले असते तर वाचकाची दिशाभूल झाली असती.

‘करप्ट’ ठेवावा या पहिल्या सूचनेविषयी एवढेच म्हणेन की, बोलताना मीही तोच शब्द वापरतो, पण या टिपणात ‘फाईल’, ‘मेमरी’ आणि ‘कर्नल’ या तिन्हींसाठी तो एकच वापरला तर कोणाचे काय बिघडले ते कळेनासे होते. म्हणून मेमरी ‘बिघडते’, कर्नल ‘कोसळतो’ आणि फाइलीच्या पानात ‘अपपाठ शिरतो’, असे तीन प्रयोग वेगळे ठेवले आहेत. दुरुस्तीचे वाक्य सध्या असे झाले आहे : ‘पाईपचा कप्पा भरताना त्यावरील जुनी खूण आता आधी शून्य केली जाते, आणि त्यामुळे नंतर लिहिलेला मजकूर फाइलीच्या पानावर न जाता नव्या पानावर जातो.’ यात ‘उष्टा’ हा शब्द घालण्याचा मोह होतो आहे. औपचारिक टिपणात तो कितपत चालेल, याविषयी कोणाचे निराळे मत असल्यास कळवावे.

प्रतिसाद

चालेल. फक्त पहिल्यांदा येईल तेथे अवतरणचिन्हांत घालावा आणि पुढे तसाच वापरावा.